मोकळ्या रानात ताग टाकू का?

प्रश्न: दादा, मंगळवेढ्याकडं आमचं काळं रान आहे, खरिपात मोकळंच असतं, सप्टेंबरअखेर शाळू (रब्बी ज्वारी) पेरतो. आता म्हणतात आधी ताग टाका, वाढला की हिरवळीचं खत म्हणून रानातच गाडा, पण तो ओल खाणार नाही का?

उत्तर: भाऊ, शंका बरोबर आहे, ओल खातोच, म्हणून सगळा खेळ वेळेचा. जूनच्या पहिल्या चांगल्या पावसावर एकरी २०-२५ किलो बी फेका आणि फुलं दिसायला लागली की ४५-५० दिवसांत गाडाच, थांबलात तर खोड चिवट होतं, लवकर कुजत नाही. मग सप्टेंबरच्या पावसानं ओल परत भरते. उघड्या रानातली माती जोराच्या पावसात वाहून जाते, ते बघून खरंच जीव तुटतो हो. मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरतात, युरिया कमी लागतो. यंदा अर्ध्याच एकरात करा. पाऊस लांबला तर मात्र पेरू नका.