कोळशावरच्या विजेच्या साखळीत हरित कर्ज नेमके कुठे द्यावे?

आपला प्रश्न असा आहे की, औष्णिक केंद्र कोळसाच जाळणार असेल तर त्याच्या पुरवठा साखळीला हरित कर्ज देणे ही दिशाभूल नव्हे का, आणि उसाच्या पाचटाचे पेलेट (दाबून केलेल्या इंधनाच्या कांड्या) बनवून कार्बन खरोखर कमी होईल का. मी कोल्हापुरात लघुउद्योगांचे कर्जप्रस्ताव तयार करतो, त्यामुळे या प्रश्नाशी माझा रोजचा संबंध आहे.

पहिल्या भागाचे उत्तर रिझर्व्ह बँकेनेच दिले आहे. 1 जून 2023 पासून लागू झालेल्या हरित ठेवींच्या, म्हणजे पर्यावरणपूरक कामांनाच कर्ज देण्यासाठी बँका घेतात त्या ठेवींच्या, चौकटीनुसार, ज्या प्रकल्पाचा मूळ ऊर्जास्रोत जीवाश्म इंधन आहे त्याला हा पैसा देता येत नाही, आणि मला ही अट अगदी योग्य वाटते. पेलेट पुरवणाऱ्याचा प्रस्ताव मात्र वेगळा पडतो, कारण त्याचे इंधन शेतातले आहे आणि केंद्र सरकारच्या 2023 च्या सुधारित धोरणाप्रमाणे औष्णिक केंद्रांनी 2024-25 पासून कोळशात 5 टक्के जैवइंधन, म्हणजे असे पेलेट, मिसळणे अपेक्षित होते.

ही टक्केवारी लहान वाटते, पण ढोबळ हिशेब करून पाहावा. सोलापूरचे 1,320 मेगावॉटचे केंद्र पूर्ण क्षमतेने चालले तर दिवसाला वीस हजार टनांच्या आसपास कोळसा लागेल. त्याचे 5 टक्के म्हणजे हजार टन पेलेट. उसाचे पाचट हेक्टरी 8 ते 10 टन निघते, म्हणजे रोज शंभराहून अधिक हेक्टरांचे पाचट गोळा करावे लागेल. इथून सोलापूरपर्यंतच्या सव्वादोनशे किलोमीटर वाहतुकीचे डिझेल आणि पेलेट दाबण्याची वीज वजा केली तरी कार्बनची बचत उरते. मात्र ती मोजूनच दाखवली पाहिजे.

खरी अडचण पैशाच्या वेळेची आहे. पाचट मिळते ते गळीत हंगामात, साधारण नोव्हेंबर ते मार्च, आणि शेतकऱ्याला व गाठी बांधणाऱ्याला रोख द्यावी लागते. गाठ सोडली की आत माती निघते, त्या मातीने पेलेट यंत्राची डाय (साचा) झिजते, आणि छप्पर अपुरे असेल तर पहिल्याच वळवाने माल वाया जातो. औष्णिक केंद्राकडून पैसे येतात ते नमुना तपासून, ओलाव्याची कपात करून, पुष्कळ उशिरा. बँका यंत्रासाठी मुदत कर्ज सहज देतात, कारण यंत्र तारण राहते. पाचटाच्या गंजीवर खेळते भांडवल द्यायला मात्र कचरतात. माझ्या मते हरित पैसा इथेच, गंजी, छप्पर आणि थकलेल्या बिलांसाठी, कमी व्याजाने यायला हवा. 250 कोटींहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांना 31 मार्च 2025 पर्यंत ट्रेड्स मंचावर (जिथे लहान पुरवठादाराला थकलेल्या बिलावर बँकांकडून आधीच पैसे मिळतात) नोंदणी करणे बंधनकारक केले होते. तरीही नुसती नोंदणी पुरत नाही, म्हणून खरेदीदार आपले बिल त्या मंचावर किती दिवसांत स्वीकारणार हे करारातच लिहून घ्यावे.

पाचटावर पहिला हक्क जमिनीचा आहे. खोडव्यात, म्हणजे तोडणीनंतर त्याच खुंटांतून पुन्हा येणाऱ्या उसात, ते सरीत कुजवले तर सेंद्रिय कर्ब वाढतो आणि पाण्याची बचत होते. त्यामुळे जे पाचट एरवी पेटवून दिले जाते तेवढेच उचलावे, आणि कर्ज देणाऱ्या बँकेने जमिनीच्या गट क्रमांकानुसार नोंद मागावी, म्हणजे कुजवणाऱ्या शेतकऱ्याचे पाचट जास्त भावाच्या आमिषाने ओढले जाणार नाही.