पहिला कंटेनर भरताय? आधी लाकडाकडे बघा

नवखी मंडळी बाहेरून येणाऱ्या पाण्याची धास्ती घेतात आणि आतलं पाणी विसरतात. माल बऱ्याचदा खराब होतो तो आपणच आत कोंडलेल्या ओलाव्याने: पॅलेट (मालाखाली ठेवायची लाकडी चौकट), खोकी, कंटेनरची प्लायवूडची जमीन, कधी खुद्द माल. दिवसा पत्रा तापला की ही ओल हवेत जाते. रात्री छत गार पडलं की तीच थेंब होऊन खोक्यांवर टपकते.

म्हणून सुरुवात पॅलेटपासून करा. साधं मॉइश्चर मीटर घ्या, लाकडात टोचा, २० टक्क्यांच्या वर आकडा आला तर ते पॅलेट बाजूला. उष्णता-प्रक्रियेचा शिक्का बघून निर्धास्त होऊ नका! तो किडीसाठी असतो. नंतर पावसात पडून राहिलेलं पॅलेट पुन्हा ओलं होतंच.

मग एवढं करा:

- रिकाम्या कंटेनरमध्ये उभे राहा, बाहेरच्या माणसाला दारं लावायला सांगा. उजेडाचा ठिपका दिसला, तर तिथून पाणीही येणार.
- जमीन नुकतीच धुतलेली असेल, तर माल चढवायची घाई नको.
- कॅल्शियम क्लोराइडच्या शोषक पिशव्या अगदी शेवटी, दार बंद करताना उघडा. आधीच उघडल्या तर गोदामातलीच ओल पिऊन बसतात. आणि ओलं लाकूड आत असेल तर त्या पुऱ्या पडत नाहीत.

लायनर (कंटेनरला आतून लावायचं अस्तर), डेटा लॉगर (प्रवासातलं तापमान-ओलावा नोंदवणारं यंत्र) वगैरे सध्या राहू द्या. कंटेनर गळका निघाला, तर मात्र भिडेखातर भरू नका, दुसरा मागवा.