खिडकीपुढे ग्रुप नसतो

सांगलीच्या एका आईचं पत्र आलं आहे. मुलगी पुण्यात इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजच्या एक्स्चेंजमधून बाराजणांचा ग्रुप ऑक्टोबरच्या सुरुवातीला एका सेमिस्टरसाठी बर्लिनला चालला आहे. दोन प्राध्यापक सोबत जातील आणि दहा दिवसांनी परत येतील. आई लिहितात: "ग्रुप आहे म्हणूनच तिचे बाबा तयार झाले. पण सर-मॅडम परत आल्यावर काय? मुली एकत्रच राहतील अशी अट घालता येईल का? ती शाकाहारी आहे. आणि या सगळ्यात तिचं वर्ष आणि प्लेसमेंट तर बुडणार नाही ना?" सोबत तिकिटाची प्रत आहे. मुंबई ते फ्रँकफर्ट, फ्रँकफर्ट ते बर्लिन, शनिवारी रात्री उतरणार.

ताई,

तुमचा शेवटचा प्रश्न मी आधी घेते, कारण पत्रात तो सगळ्यात खाली असला तरी महत्त्वाचा तोच आहे.

जर्मनीत हिवाळी सेमिस्टर कागदावर 1 ऑक्टोबर ते 31 मार्च असतं. तासिका ऑक्टोबरच्या मध्यात सुरू होऊन फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत चालतात आणि परीक्षा त्यानंतर. आपल्याकडे पाचवं सेमिस्टर जुलै-ऑगस्टमध्ये सुरू होतं आणि सहावं जानेवारीत. म्हणजे ती जाणार एका सेमिस्टरसाठी, पण पाचव्याचा शेवट आणि सहाव्याची सुरुवात, दोन्हींना तिचा धक्का लागणार. "बघू, अ‍ॅडजस्ट होईल" असं कॉलेजात कोणी म्हणत असेल तर त्यावर विसंबू नका. कोणत्या विषयाच्या बदल्यात तिथला कोणता विषय धरणार, किती क्रेडिट देणार, जानेवारी-फेब्रुवारीतल्या हजेरीचं काय, हे सगळं निघण्याआधी कागदावर हवं. त्या कागदाला 'लर्निंग अ‍ॅग्रीमेंट' म्हणतात आणि त्यावर दोन्हीकडच्या सह्या लागतात. युरोपात पूर्ण सेमिस्टर 30 क्रेडिटचं धरतात आणि एक क्रेडिट म्हणजे 25 ते 30 तासांचं काम. पहिल्याच खेपेला 30 घेण्याचा हट्ट नको. तीन विषय नीट केलेले बरे. गुणांची पद्धतही उलटी आहे हे घरात सांगून ठेवा: 1.0 म्हणजे उत्तम, 4.0 म्हणजे जेमतेम पास. फेब्रुवारीत तिने "मला 1.7 मिळाले" म्हटलं तर बाबांनी घाबरायचं नाही.

प्लेसमेंट चौथ्या वर्षात असते, ती बुडत नाही. मात्र तिसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यातल्या इंटर्नशिपची निवड बऱ्याच ठिकाणी जानेवारी ते मार्चमध्ये होते आणि तेव्हा ती तिकडे असेल. कॉलेजच्या प्लेसमेंट सेलला आत्ताच विचारून ठेवायला सांगा, की मुलाखत ऑनलाइन देता येईल का.

आता ग्रुपबद्दल. इथे मी तुमच्याशी थोडी भांडणार आहे.

1998 मध्ये मी स्वतः अशाच एका ग्रुपमधून भाषेच्या कोर्ससाठी बर्लिनला गेले होते. आम्ही अकराजण. तेव्हा विमान टेगेलच्या जुन्या विमानतळावर उतरायचं आणि नोटा युरोच्या नव्हे, मार्कच्या होत्या. सरांनी सगळ्यांची तिकिटं एका पाकिटात ठेवली होती, आम्ही त्यांच्या मागून बॅगा ओढत बसमध्ये चढलो, मग झू स्टेशनवर उतरून दुसऱ्या बसने वसतिगृहात. गाणी म्हणत गेलो, भीती म्हणून वाटली नाही. दुसऱ्या दिवशी दुकानात काहीतरी बघत मी मागे राहिले आणि ग्रुप पुढे निघून गेला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी राहते कुठे हेच मला माहीत नाही. पत्ता सरांच्या खिशात होता. मोबाइल नव्हते. ओळखीची एकच जागा होती, ती झू स्टेशन. तिथे परत जाऊन मी दोन तास त्याच बसथांब्यावर उभी राहिले, शेवटी आमच्यातलेच दोघे शोधत आले. रडले नाही असं म्हणणार नाही.

त्या दोन तासांनी मला जे कळलं तेच आज तुम्हाला सांगते आहे. ग्रुपमध्ये मुलगी हरवेल याची काळजी करू नका. ग्रुपमध्ये ती शहरात पोचतच नाही, याची करा. बाराजण एकत्र राहतात, एकत्र कुकर लावतात, मराठीत बोलतात, शनिवार-रविवार एकत्र प्राग बघून येतात आणि फेब्रुवारीत परततात. फोटो भरपूर असतात. मग मी विचारते, तिथल्या किती जणांची नावं सांगता येतील? तर शांतता.

म्हणून एकत्र राहण्याची अट घालू नका. विद्यार्थी वसतिगृहात बहुतेक ठिकाणी प्रत्येकाला स्वतंत्र खोली असते आणि स्वयंपाकघर तिघा-चौघांत. त्या स्वयंपाकघरात एक जर्मन, एक तुर्की, एक व्हिएतनामी मुलगी असली तर तुमच्या लेकीचं जर्मन तिथेच सुधारेल, वर्गात नाही. मैत्रीण त्याच इमारतीत असू दे, त्याच खोलीत नको.

आणि ग्रुप आहे म्हणजे सगळं ग्रुपचं, असंही नसतं. तिकीट फ्रँकफर्टमार्गे आहे, म्हणजे पासपोर्ट तपासणी फ्रँकफर्टलाच होईल. पुढचं विमान देशांतर्गत प्रवासासारखं, बर्लिनला कोणी काही बघणार नाही. सर रांगेत पुढे असतील, मैत्रीण मागे, पण काचेच्या खिडकीपुढे ती एकटीच. अधिकारी विचारेल, कुठे चाललीस, किती दिवस, राहणार कुठे, पैसे कुठून. उद्धटपणा नाही हा, त्याचं काम आहे. त्यामुळे प्रवेशाचं पत्र, राहण्याच्या जागेचं पत्र, विम्याचा कागद, खर्चाच्या रकमेचा पुरावा, हे सगळं तिच्या हातातल्या बॅगेत असू दे. सामानात टाकलेली फाइल त्या वेळी विमानाच्या पोटात असते. आणि राहण्याचा पत्ता तिला पाठ हवा. हसू नका, पाठ हवा.

बर्लिनचा नवा विमानतळ शहराच्या हद्दीबाहेर, ब्रांडेनबुर्ग राज्यात आहे. बस-रेल्वेच्या भाड्याचे ए, बी, सी असे तीन झोन आहेत, विमानतळ 'सी'मध्ये येतो, म्हणून तिकीट एबीसीचं लागतं. बाराजणांत कोणीतरी हमखास स्वस्त म्हणून एबीचं काढतं. स्टेशनवर आडवी फाटकं नसतात, थेट गाडीत चढता येतं, त्यामुळे आपल्या लोकांना वाटतं कोणी बघत नाही. साध्या कपड्यातले तपासनीस येतात आणि दंड 60 युरो. कागदी तिकीट छोट्या यंत्रात घालून शिक्का मारून घ्यावं लागतं. शिक्का नसेल तर तिकीट असूनही तेवढाच दंड.

पहिल्या दोन आठवड्यांतलं मोठं काम म्हणजे पत्त्याची नोंदणी, 'आनमेल्डुंग'. राहायला गेल्यापासून 14 दिवसांत करायची असा नियम आहे, आणि बर्लिनमध्ये त्या कार्यालयाची अपॉइंटमेंट लवकर मिळत नाही हे सगळ्या शहराला ठाऊक आहे. घर कोणत्याही भागात असलं तरी शहरातल्या कोणत्याही कार्यालयात नोंदणी चालते, म्हणून सकाळी लवकर वेबसाइटवर बसून मिळेल तिथली वेळ धरायची. घरमालकाचं किंवा वसतिगृहाचं सहीचं पत्र लागतं. प्राध्यापक असेपर्यंत त्यांनी बाराजणांचे फॉर्म भरून देऊ नयेत, शेजारी बसावं. आणखी एक, दिसायला बारीक: टपालाच्या पेटीवर तिचं आडनाव लागलेलं हवं. तिथे पोस्टमन नाव बघून पत्र टाकतो. नाव नाही तर पत्र परत, आणि बँकेचं, विम्याचं कितीतरी अजून टपालानेच येतं. विद्यापीठाला प्रवासी विमा चालत नाही. तिथला सरकारी आरोग्य विमा किंवा त्यातून सूट मिळाल्याचं पत्र लागतं, हे इथूनच मिटवून जावं. बँक सुरू होईपर्यंत थोडी रोख जवळ हवी. कार्ड न घेणारी खानावळ बर्लिनमध्ये आजही सापडते.

शाकाहाराची काळजी सोडा. बर्लिनइतकं शाकाहाऱ्यांना सोपं शहर युरोपात कमी. तांत्रिक विद्यापीठाच्या शेजारी तर एक मेस पूर्ण व्हिगन आहे. काळजी करायची ती तुमच्या डब्यांची. भारतातून तूप, पेढे, खवा, पनीर, दुधाचं काहीही युरोपीय संघात नेता येत नाही. ताजा कढीपत्ता, बहुतेक ताजी फळंही नाहीत. कस्टमवाले काढून फेकतात, आणि लेकीला आईचे पेढे कचऱ्यात जाताना बघावे लागतात. भडंग न्या, सांगलीची हळद न्या, बेदाणे, भाजणी, शेंगदाण्याची चटणी, सगळं चालतं. नेहमीची औषधं असतील तर डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी सोबत.

आता तुमच्या वाट्याचं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं तासाने मागे जातात आणि अंतर साडेतीन तासांचं साडेचार होतं. तुम्ही रात्री नऊला फोन कराल तेव्हा तिथे साडेचार वाजलेले असतील, आणि डिसेंबरात त्या वेळी काळोख पडलेला असतो. नोव्हेंबर ते जानेवारी मुलं उदास होतात, ते त्या अंधारामुळे बरंचसं. रोज फोन करा, पण "जेवलीस का" पेक्षा "आज कोणाशी बोललीस" असं विचारा. उत्तर रोज त्याच बाराजणांत फिरत असेल तर तिला आठवड्यातून एक संध्याकाळ ग्रुपशिवाय काढायला सांगा: विद्यापीठाच्या खेळाच्या वर्गात, भाषेच्या अदलाबदलीत, प्रयोगशाळेत. आणि एका प्राध्यापकाला तास संपल्यावर भेटण्याच्या वेळेत जाऊन प्रश्न विचारायला सांगा. पुढे मास्टर्सला शिफारसपत्र देणारा तो माणूस असेल. वेळेचं एक गंमतशीर: तासापुढे 'सी.टी.' लिहिलं असेल तर दहाचा तास सव्वादहाला सुरू होतो. 'एस.टी.' लिहिलं असेल तर दहा म्हणजे दहा.

राहिलं तिकीट. शनिवारी रात्रीचं उतरणं मला आवडलेलं नाही. वसतिगृहाची किल्ली साधारण कामाच्या दिवशी, कार्यालयाच्या वेळेत मिळते. रविवारी दुकानं बंद, मोठ्या स्टेशनातली काही तेवढी उघडी. त्यात 3 ऑक्टोबरला जर्मनीच्या एकीकरणाची राष्ट्रीय सुट्टी. बाराजण बॅगांसकट रात्री कुठे जाणार, दोन रात्रींसाठी प्रवाशांचं हॉस्टेल बुक केलं आहे का, हे आजच प्राध्यापकांना विचारायला हवं. फोन तुम्ही करू नका. तिला करू दे.