उत्तर दिलं नाही तर?

“मॅडम, कंपनीचं वातावरणच खराब आहे. मॅनेजर माणसाला माणूस समजत नाहीत. सोडून देऊ का नोकरी?” हे वाक्य थोड्याफार फरकाने माझ्यासमोर दर आठवड्याला येतं.

समुपदेशनासाठी माझ्याकडे आलेला एक जणही हेच म्हणाला. रात्री-बेरात्री येणारे साहेबांचे मेसेज ही त्याची मुख्य तक्रार. मी त्याला पंधरा दिवस वहीत नोंद करायला सांगितलं: मेसेज किती वाजता आला, नेमकं काय लिहिलं होतं, उत्तर कधी दिलं. हा गृहपाठ मी वर्षानुवर्षं देते आणि तो क्वचितच वाया जातो.

वहीत एक्केचाळीस नोंदी निघाल्या. ‘आजच हवं’ असं फक्त सहा ठिकाणी होतं. उरलेल्या पस्तीस मेसेजनाही त्याने पाच-दहा मिनिटांत उत्तर दिलं होतं. पान उलटता उलटता तो थांबला.

“उत्तर दिलं नसतं तर?” मी विचारलं.

“साहेबांना वाटलं असतं, मी टाळतोय.”

“आणि तसं वाटलं तर?”

बराच वेळ तो वहीच्या कडेला नख घासत राहिला. मग हळूच म्हणाला, “मग मी काही कामाचा नाही.”

मला याचीच वाट होती. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस १९५५ पासून हेच सांगत आले: साहेबांनी आपल्याला चांगलं म्हणावं ही इच्छा रास्त, पण ‘म्हणायलाच हवं’ हा हट्ट माणसाला पोखरतो. पस्तीस मेसेजमागे हा हट्ट होता.

उरलेले सहा मात्र कंपनीचेच. इथे मी ठाम असते. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये बर्नआउटचं वर्णन आजार म्हणून केलं नाही. कामाच्या ठिकाणचा सततचा ताण नीट हाताळला न गेल्याने येणारी अवस्था, असं केलं. ‘तूच जास्त विचार करतोस’ म्हणून कर्मचाऱ्यावर खापर फोडणं मला मान्य नाही. म्हणून सोडण्याआधी पाहा, हे सगळ्यांशीच होतंय की फक्त माझ्याशी? आणि साहेबांशी बोलताना ‘तुम्ही नेहमीच’ असं म्हणू नका, तारखा सांगा.

त्याने त्या सहा तारखा सांगितल्या. साहेब म्हणाले, “तातडीचं असेल तर फोन करेन.” तेवढं ते पाळतात. मीटिंगमध्ये चारचौघांत झापणं अजून सुरूच आहे आणि त्यावर आमचं काम चाललंय. नोकरी सोडायची की नाही, हे त्याने ठरवलेलं नाही. फोन मात्र रात्री दहानंतर बाहेरच्या खोलीत चार्जिंगला असतो.