एच-इंडेक्स 18 असलेला पीएचडी गाईड घ्यावा का?

तू खानापूरचा, बेळगावात वनस्पती जैवरसायनशास्त्रासाठी गाईड शोधतोयस. 18 म्हणजे किमान 18 पेपर असे, ज्यांचा प्रत्येकी 18 वेळा तरी संदर्भ घेतला गेलाय. वाईट नाही. पण नुसत्या आकड्यावर जाऊ नकोस की. आर्नन या वनस्पतिशास्त्रज्ञाचा 1949 चा पेपर बघ. विषय बिटाच्या हरितलवकांमधली तांबेयुक्त एन्झाइम्स, पण लोक अजून त्याचा दाखला देतात तो हरितद्रव्य मोजायच्या पद्धतीसाठी! उलट आपल्या घाटातल्या नरक्या या झाडावर (त्यातलं कॅम्प्टोथेसिन कर्करोगाच्या काही औषधांचं मूळ) वर्षानुवर्षं घासणाऱ्याला वाचक मोजकेच मिळतात. म्हणून शेवटचे पाच पेपर उघड. पहिलं नाव विद्यार्थ्याचं आहे का, म्हणजे गाईड विद्यार्थ्याला श्रेय देतो का, तेवढं बघ.