‘नंतर’ नावाचा फोल्डर

‘सिम्युलेशन प्रयोगाशी जुळत नाही आणि गाईडसमोर जायची लाज वाटते.’ समुपदेशक म्हणून पीएच.डी. करणाऱ्या मुलामुलींकडून हे मी सतत ऐकते. ज्वलन असो, हवामान असो, संगणकावर निसर्ग मांडायला बसलेल्यांचं हे ठरलेलं दुखणं. म्हणून सागरबद्दल लिहितेय. नाव आणि तपशील अर्थातच बदललेत.

सागर चौथ्या वर्षाला, विषय टर्ब्युलंट ज्वलन, म्हणजे खळबळत्या प्रवाहातलं जळणं. फेलोशिप संपत आलेली. घरून फोन आला की वडिलांचा एकच प्रश्न, ‘कधी संपणार रे?’ रात्री तीनला उठून हा मोबाइलवरून क्लस्टरवर, म्हणजे आकडेमोड करणाऱ्या संगणकांच्या ताफ्यावर शिरायचा, रन (चालू असलेली आकडेमोड) सुरू आहे की उडाला ते बघायला. तापमानाचा आलेख जुळला की लगेच गाईडला पाठवायचा. कार्बन मोनॉक्साइडचा मात्र जुळत नसे. तो एका फोल्डरमध्ये. फोल्डरचं नाव ‘नंतर’.

सुरुवातीच्या भेटींत मी त्याला त्याचाच विषय मला शिकवायला लावला. माणूस जिथे जाणकार असतो तिथे त्याचा आवाज बदलतो, आणि मला तो आवाज ऐकायचा होता. त्याने सांगितलं, प्रवाहातला प्रत्येक बारीक भोवरा मोजायला गेलं तर रेनॉल्ड्स अंक (प्रवाह किती खळबळता ते सांगणारा आकडा) दुप्पट झाला की आकडेमोड साधारण आठपट होते. त्यात रसायन वेगळंच: मिथेनसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका आराखड्यात ५३ घटक आणि ३२५ अभिक्रिया. म्हणून काही भाग गृहीत धरावाच लागतो.

‘मग तंतोतंत जुळणार कसं?’

‘नाहीच जुळत. टीएनएफ म्हणून टर्ब्युलंट ज्योतींवरची एक कार्यशाळा आहे, १९९६ ला नेपल्समध्ये सुरू झाली. अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेत मोजलेल्या ज्योती सगळे गट आपापल्या मॉडेलने काढतात आणि आलेख शेजारी शेजारी लावतात. त्यातली ‘एफ’ ज्योत तर विझायच्या बेतात असते. भल्याभल्यांची दांडी गुल होते.’

‘मग न जुळलेले आलेख लपवतात?’

‘छे! चर्चा त्यावरच तर होते.’

‘आणि तुझं ‘नंतर’?’

बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘त्यांचं चुकतं तेव्हा मॉडेल चुकतं, मॅडम. माझं चुकतं तेव्हा मी चुकतो.’

मी याच वाक्याची वाट बघत होते. मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या वाटेने जाणारी: मार्क कामाला द्यावेत, माणसाला नाही. ‘तू हुशार आहेस रे’ म्हणणं सोपं होतं, पण पुढचा रन फसला की ती हुशारीही फसते.

‘चूक शोधताना काय काय तपासतोस?’

‘आधी मेश, म्हणजे आकडेमोडीसाठी जागेचे पाडलेले बारीक तुकडे. मग इनलेटच्या, म्हणजे प्रवाह आत शिरतो तिथल्या अटी. मग रसायन.’

‘यात ‘सागर नालायक’ कितव्या नंबरवर?’

तो हसला. खूप दिवसांनी हसलो, असं त्यानेच सांगितलं. माझ्या कामात असा क्षण रोज येत नाही. आला की मी घाई करत नाही, त्याला हसू देते.

मग गृहपाठ: ‘नंतर’मधले सगळ्यात वाईट आलेख गाईडला पाठवायचे, प्रत्येकाखाली कुठे जुळत नाही आणि शंका कशाची, एवढंच लिहायचं. पाठवायला त्याने बरेच दिवस लावले. गाईडचं उत्तर एका ओळीचं: ‘इनलेटला टर्ब्युलन्स किती दिलायस?’ तिथून फरक कमी झाला, गेला नाही. जो उरला त्यावर तो आता प्रबंधात एक प्रकरण लिहितोय.

तुमचंही असं होत असेल तर गाईडची भेट वारावर ठरवा, निकालावर नको. ‘जरा जुळू दे, मग दाखवतो’ यातच महिने जातात. रन संपल्याचा ईमेल क्लस्टर पाठवू शकतो, त्यासाठी तुम्ही जागायची गरज नाही. घरच्यांना विषय समजावत बसू नका, पुढचा टप्पा कधी ते सांगा. गाईडच पाणउतारा करत असतील तर गोष्ट वेगळी. तिथे सहमार्गदर्शक किंवा प्रगती तपासणाऱ्या समितीतल्या एखाद्या विश्वासातल्या माणसाला गाठा. आणि झोप-भूक उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर हा सगळा सल्ला बाजूला ठेवून आधी टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. तिथे मराठीतही बोलता येतं.