माझ्या डोक्यात काय राहत न्हाय ओ ताई

जेलमधल्या बायकांसोबत काम करायला लागून मला आता नऊ वर्षं झाली, आणि या नऊ वर्षांत सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य केसबद्दलचं नाहीये, नवऱ्याबद्दलचंही नाही. ते आहे "माझ्या डोक्यात काय राहत न्हाय." साक्षरता वर्गात येणारी जवळजवळ प्रत्येकजण कधी ना कधी हे म्हणते. गेल्या महिन्यात नव्यानेच शिकवायला जाऊ लागलेल्या दोन मुलींचा मला फोन आला तेव्हा तेच, फक्त दुसऱ्या बाजूने. ताई, आज शिकवलेलं अक्षर उद्या गायब असतं, यांना शिकायचंच नाहीये का? त्यांना फोनवर जे तुटक तुटक सांगितलं ते इथे नीट लिहितेय.

एक मावशी होत्या. वय पन्नाशीच्या पुढचं, पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जेलचा महिला विभाग, कच्च्या कैदी, म्हणजे केस अजून चालू. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.) बाहेर असताना वीसेक वर्षं हातगाडीवर भाजी विकलेली. भाच्याने बँकेत खातं काढून देतो म्हणून कागदांवर अंगठे घेतले, त्या खात्यातून लोकांचे पैसे फिरले आणि फसवणुकीच्या केसमध्ये मावशी आत आल्या. खरं-खोटं कोर्ट बघेल, मी ते कधीच विचारत नाही, वर्गात शिकवणाऱ्यांनीही विचारू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

मावशी वर्गात पहिल्या रांगेत बसायच्या पण पेन्सिल हातात घ्यायच्या नाहीत. शिकवणाऱ्या बाईंनी माझ्याकडे पाठवलं, म्हणाल्या स्मरणशक्तीचा प्रॉब्लेम वाटतो. मलाही पहिले चार आठवडे तसंच वाटलं. झोप नाही, जेवण नाही, लेकीची काळजी, अशा माणसाच्या डोक्यात अक्षर कसं टिकणार, मी त्याच अंगाने बोलत राहिले.

मग एक दिवस बोलता बोलता त्या पदराच्या दशा चाचपत होत्या. बघितलं तर दशांना बारीक बारीक गाठी.

"मावशी, हे काय?"

"तारखा हायत्या. एक तारीख, एक गाठ."

"आणि ही डबल?"

"त्या दिशी गाडीच न्हाय आली. गार्ड न्हाय म्हनले."

मोजल्या. सतरा तारखा, त्यातल्या चार वेळा कोर्टात नेलंच नव्हतं. कुठली पावसाळ्यातली, कुठली दिवाळीच्या आधीची, कुठल्या वेळी साहेब रजेवर होते, सगळं गाठीगाठीने सांगितलं त्यांनी. ज्या बाईच्या डोक्यात म्हणे काही राहत नाही! मी तसं बोलूनही दाखवलं, मावशी, डोकं तर एकदम शाबूत आहे, मग पेन्सिलीचं काय?

बराच वेळ गप्प. मग खाली बघत म्हणाल्या, "सही आली तर जज म्हनंल हिला येत व्हतं. वकिलानं लिवलंय अंगठाबहाद्दर हाय म्हून. मग माजी केस जाईल न्हवं?"

मी पुढचा प्रश्न विसरून त्यांच्याकडे बघत बसले. चार आठवडे मी स्मरणशक्ती, मन, झोप यांच्याबद्दल बोलत होते आणि ही बाई इतका नीट, इतका शहाणा विचार करून अक्षरांना स्वतःपासून लांब ठेवत होती. विसरत नव्हती, राखण करत होती. निरक्षर असणं हाच तिचा एकमेव पुरावा आहे असं तिला वाटत होतं आणि आम्ही सगळे मिळून तो पुरावा तिच्या हातातून काढून घ्यायला निघालेलो.

हे मी समजुतीने सोडवायचं नव्हतं, ते वकिलाचं काम. कायद्याने महिलांना आणि कोठडीत असलेल्यांना मोफत वकील मिळतो (विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७), त्या मोफत वकिलांच्या पॅनलवरच्या वकीलबाई आल्या तेव्हा मावशींना समोर बसवूनच विचारलं. त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं, अंगठा दिला तेव्हा वाचता येत होतं का हा प्रश्न आहे, आज येतं का हा नाही. उलट वर्गाच्या हजेरीत तुमचं नाव कुठल्या तारखेपासून आहे आणि तेव्हा एक अक्षर येत नव्हतं हे लिहिलेलं असेल तर बरंच. पुढच्या सोमवारी मावशींनी पेन्सिल घेतली.

पहिला शब्द त्यांनीच निवडला, तारीख. मग जामीन. मग लेकीचं नाव. अ अननसाचा या वाटेने आम्ही गेलोच नाही आणि मी कोणालाच त्या वाटेने नेत नाही. मोठ्या बाईपुढे पहिलीचं पुस्तक ठेवलं की तिला वाटतं मी कुणीच नाही. शिक्षणतज्ज्ञ पावलो फ्रेअरे यांनी ब्राझीलमध्ये शेतमजुरांना शिकवताना त्यांच्याच जगण्यातल्या शब्दांपासून सुरुवात केली होती, मी त्याच मताची आहे आणि जेलमध्ये तर ते मला रोज पटतं.

गणिताचंही तेच. मला हिशोब येत न्हाय म्हणणाऱ्या मावशींना विचारलं, वांगी ऐंशी रुपये किलो, पाऊण किलोचे किती? पापणी लवायच्या आत, "ऐंशीचं अर्धं चाळीस, त्याचं अर्धं ईस, साठ." पण तेच कागदावर मांडलं की गप्प. फ्रेअरे मूळचे रेसिफे शहराचे, त्याच शहरात बाजारात विक्री करणाऱ्या पाच मुलांवर एक अभ्यास झाला होता, १९८५ साली छापून आला. बाजारात उभं राहून विचारलं तर ९८ टक्के उत्तरं बरोबर, आणि तशीच गणितं नुसत्या आकड्यांत दिली तर ३७ टक्क्यांच्या आसपास. डोकं तेच, मुलं तीच. म्हणून शिकवणाऱ्यांनी आधी विचारा, बाई बाहेर काय करत होती. भाजी, मासे, शिलाई, वीटभट्टी, भिशी. तिला जो हिशोब तोंडी येतो तोच तिच्यासमोर तुम्ही कागदावर लिहून दाखवा, तिने सांगायचं, तुम्ही लिहायचं, आणि मग हळूहळू पेन्सिल तिच्याकडे.

कँटीनची चिठ्ठी हे तर सगळ्यात चांगलं पुस्तक. साबण, चहापावडर, बिस्कीट, मनीऑर्डरचे आले किती, उरले किती. दुसरीकडून चिठ्ठी वाचून घ्यावी लागते तेव्हा बराकीत संशय आणि भांडणं होतात, स्वतः वाचता आली की ती निम्मी कमी होतात हे मी पाहिलंय.

आणि एक गणित मी आवर्जून घ्यायला लावते. १ जुलै २०२४ पासून नवीन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे अटक, जामीन, खटला कसा चालवायचा याचा कायदा, लागू झाली, तिच्या कलम ४७९ मध्ये आहे की आधी कधी शिक्षा न झालेल्या कच्च्या कैद्याने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला तर त्याला बाँडवर सोडायचं. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे यात नाहीत आणि एकापेक्षा जास्त केसेस चालू असतील तरी लागू नाही, त्यामुळे वकिलाला विचारल्याशिवाय कोणालाही आशा लावू नका. पण सात वर्षांची शिक्षा असेल तर सात गुणिले बारा चौऱ्याऐंशी महिने, भागिले तीन अठ्ठावीस, हा भागाकार मावशींच्या वर्गातल्या अकराही जणींनी एका दुपारी शिकला. त्या दिवशी एकही जण म्हणाली नाही की डोक्यात राहत नाही.

जिला परीक्षा द्यायचीय तिने जरूर द्यावी, उल्लास या सरकारी प्रौढ साक्षरता कार्यक्रमाची चाचणी असते १५० गुणांची, वाचन, लेखन, संख्याज्ञान पन्नास-पन्नास, सर्टिफिकेट मिळतं, पण पहिल्याच दिवशी परीक्षेचं नाव काढू नका. बाई गप्प बसली, पेन्सिल टाळली, मागे सरकली तर ढ किंवा आळशी समजू नका. तिला कागदाने आधी काय केलंय ते विचारा. घाईने नको, चौकशीच्या सुरात तर अजिबात नको. कोणाचा तलाक कागदावर झालेला असतो, कोणाची जमीन कागदावर गेलेली असते. आणि विचारून उत्तर आलं नाही तर तिच्या हाताकडे बघा. मला तरी सगळ्यात मोठी गोष्ट त्या पदराच्या टोकाने शिकवली, आणि खरं सांगते, इतक्या वर्षांच्या कामात ती गाठ मला दिसली याचं मला समाधान आहे.

अठराव्या तारखेनंतर मावशींनी वहीत स्वतःच्या हाताने पुढची तारीख लिहिली, त मोठा, वेलांटी भलतीकडेच. मी म्हटलं, आता गाठी सोडायला हरकत नाही. त्यांनी वही पिशवीत घातली आणि पदराला अठरावी गाठ मारली.

"दोनी ऱ्हाऊ द्या ताई. झडतीत वही गेली तर?"